बारा तासांची मुभा

गारा पडल्या त्या सगळ्या मिळून दहा मिनिटं. पण तेवढ्यात बागांचं व्हायचं ते होऊन गेलं. संत्री ऐन रंगावर आली होती. निम्मी खाली पडून फुटली, आणि झाडावर राहिली त्यांतल्या बहुतेकांच्या सालीला तपकिरी खळगे पडले. त्याच दहा मिनिटांत बाप शिडीवरून पडला. बाकीचे तोडणारे पहिल्या गारेलाच शिड्या सोडून पळाले होते. हा मात्र भरत आलेली झोळी पुरी भरण्याच्या नादात वरच राहिला, आणि उतरताना ओल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला. टाचेचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आला तेव्हा त्याच्या खिशात दोन संत्री होती. झोळीतली तेवढीच काय ती शाबूत निघाली. आईनं ती सोलून तिघांत वाटली. 

खरी अडचण पुढच्या आठवड्यात कळली. फळं निवडून पेट्या भरायची गावात एकच शेड. दरवर्षी तिथे दोन सरकते पट्टे चालायचे आणि वीस जोड्या लागायच्या. यंदा एकच पट्टा चालणार होता, आणि जोड्या घेणार होते आठ. जोडी म्हणजे एकीनं पट्ट्यावरचं फळ निवडायचं आणि दुसरीनं ते मोजून पेटीत लावायचं. एकटीला काम नाही. मुकादम एकट्या बाईकडे बघतसुद्धा नसे. आई आणि मावशी ही शेडची पहिल्या नंबरची जोडी. पट्ट्याच्या तोंडाशी, जिथे माल सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगला येतो, ती जागा सतरा वर्षं त्यांची. पण मावशी नेमकी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. दोन महिने तरी ती परत येत नव्हती.

"मग मी उभी राहते तुझ्याबरोबर," मुलगी म्हणाली.

म्हणाली खरी, पण ती मोकळी थोडीच होती? बसनं अर्ध्या तासावरच्या मोठ्या दवाखान्यात ती नर्सिंग शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. सोमवार ते शुक्रवार अकरा ते सात वॉर्ड, शनिवारी दुपारपर्यंत वर्ग. आणि तिथला नियम कडक होता. शिकणाऱ्या मुलीला बाहेर पगारी काम करायची मुभा आठवड्याला बारा तास. त्याच्या वर एक मिनिट नाही. ज्या दिवशी वॉर्ड, त्या दिवशी वॉर्डच्या आधी तर मुळीच नाही. प्रत्येकीकडे एक जाड कार्ड असायचं. काम देणाऱ्यानं त्यावर तास लिहून सही करायची, आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याचं ते ऑफिसात दाखवायचं. खोटं निघालं तर नाव कमी.

"बारा तास म्हणजे शनिवारची दुपार आणि रविवार," बाप खाटेवरून म्हणाला. "बाकीचे पाच दिवस काय करणार?"

"बाकीचे पाच दिवस मावशी येईल," आई म्हणाली.

"अगं, पण ती तर तिकडे..."

"नावानं येईल हो. हात हिचे, नाव तिचं."

बापानं प्लास्टरच्या आत लाकडी पट्टी घालून खाजवायला सुरुवात केली. काही पटलं नाही आणि बोलायचंही नसलं की तो हेच करायचा.

मुकादमाचं काही म्हणणं नव्हतं. तो मनानं वाईट नव्हता. त्याला पेट्या भरलेल्या दिसल्या की झालं. "कार्डावर बारा लिहितो, उरलेले मावशीच्या नावावर," तो म्हणाला. "मला चार हात हलताना दिसले पाहिजेत. कुणाचे आहेत ते तुमचं तुम्ही बघा."

यंदा माल कमी, म्हणून पट्टा पहाटे साडेपाचला सुरू होऊन दहाला बंद व्हायचा. फक्त शनिवार-रविवारी, गाड्या भरायच्या असल्यानं, तो संध्याकाळपर्यंत चाले. पहिल्या सोमवारी मुलगी आईच्या शेजारी उभी राहिली तेव्हा पट्ट्यावरच्या बायकांना जोर आला.

"आली बाई डॉक्टरीण! आता आपल्या कंबरा फुकटात बऱ्या होणार."

"डॉक्टरीण नाही, नर्स," मुलगी म्हणाली.

"तेच ते. सुई टोचते ना? मग झालं."

व्यापारी माल नगावर घ्यायचा, वजनावर नाही, म्हणून मोजणीला महत्त्व. पेटीत शंभर फळं. आणि शेडची मोजायची रीत जुनी, आईनं मुलीला सुट्ट्यांमध्ये लहानपणीच शिकवलेली. एक ते वीस मोजायचं. विसावं फळ पेटीत पडलं की पुढचं फळ उचलून डाव्या हाताला असलेल्या पत्र्याच्या पन्हाळीत टाकायचं. ते खुणेचं फळ, ते मोजायचं नाही. मग पुन्हा एकपासून सुरुवात. पन्हाळीत पाच खुणा जमल्या की पेटी शंभरावर भरली. खुणेची फळं परत पट्ट्यावर लोटून द्यायची. या रीतीत डोकं वापरायला लागत नाही, हाताचं काम हात करतात, आणि बायकांना गप्पा मारायला तोंड मोकळं राहतं. आईची फेक इतकी सफाईची होती की मुलीला मान वर करायला फुरसत मिळेना. दोन दिवसांत बोटांच्या पेरांना सालीचं तेल लागून भेगा पडल्या आणि त्या चुरचुरायला लागल्या. तिसऱ्या दिवशी हात आपोआप चालू लागले. चौथ्या दिवशी मुकादम मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशीपेक्षा बरी आहे ही." आईनं ऐकलं न ऐकलंसं केलं, पण त्या दिवशी ती घरी येईपर्यंत गुणगुणत होती.

दहाला पट्टा थांबला की मुलगी नळावर हात घासायची, पोत्याच्या आडोशाला युनिफॉर्म चढवायची आणि बसकडे पळायची. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की पुढचं काही तिला आठवत नसे. कंडक्टर उठवायचा. वॉर्डात पोचली की पुन्हा आठ तास उभं राहणं. पोटऱ्यांचे गोळे व्हायचे. पण तिला त्याची कुरकूर नव्हती. उलट एक प्रकारचा ताठा आला होता तिला. दोन्हीकडे पुरी पडते मी, असं ती मनाशी म्हणायची. पुढच्या सोमवारी तिनं बारा तासांचं कार्ड ऑफिसात दिलं. कारकुनानं न बघताच शिक्का मारला. साडेचौतीस तास भरले होते तिचे.

वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर एक शिंपीणआजी होती. पन्नास वर्षं मशीन चालवून तिच्या पायांना जेवढा व्यायाम झाला तेवढा कुणाला झाला नसेल, पण हृदय थकलं होतं. रोज दुपारी तिला एक गोळी असायची, आणि त्या गोळीची एक अट होती. आधी मनगट धरून पुरा एक मिनिट नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. दुसऱ्या आठवड्यात ही नाडी मोजायचं काम मुलीकडे आलं. मंगळवारी तिची मोजणी अठ्ठावन्न आली. बुधवारी एकोणसाठ. दोन्ही दिवशी तिनं नियमाप्रमाणे गोळी थांबवली, कागदावर लिहिलं, डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर केलंस."

गुरुवारी दुपारी आजी उशांना टेकून बसली होती. पडलं की दम लागतो म्हणत होती. वॉर्डच्या सिस्टरनं पांघरूण वर करून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"दोन दिवस गोळी नाही हिला?" सिस्टरनं कागद बघत विचारलं. "नाडी कुणी मोजली?"

"मी, सिस्टर."

"ये इकडे. तू डावा हात धर, मी उजवा धरते. घड्याळ माझं. चल."

दोघी दोन बाजूंना उभ्या राहून मोजू लागल्या. आजी मधे बसून एकीकडून दुसरीकडे बघत होती. "वाटून घेताय का मला?" ती धापा टाकत म्हणाली. मिनिट झालं.

"किती?"

"त्रेसष्ट."

"माझे सहासष्ट. पुन्हा."

पुन्हा मोजलं. सिस्टरचे चौसष्ट आले, मुलीचे एकसष्ट. सिस्टर वीस वर्षं मनगटं धरत आलेली बाई. एकदा तीनाचा फरक पडला असता तर तिनं सोडून दिला असता. दोनदा तेवढाच फरक पडला तेव्हा तिचे डोळे बारीक झाले.

"आता मोठ्यानं मोज."

मुलगी मोजू लागली. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मग तिचा मोकळा हात खाटेच्या कडेवरून बाजूला गेला, बोटं उघडली आणि मिटली. "एक," ती म्हणाली. "दोन, तीन..."

"थांब. वीसनंतरचा ठोका कुठे गेला?"

मुलीला आधी प्रश्नच कळला नाही. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून बाजूला, पन्हाळीच्या जागी होता. आणि मग तिला कळलं. वीस ठोके झाले की पुढचा एक ती सोडून देत होती. रोज. प्रत्येक माणसाचा. बाकीच्यांचं त्यानं काही बिघडलं नव्हतं, नव्वदाच्या जागी शहाऐंशी लिहिल्यानं कुणाची गोळी थांबत नव्हती. पण या बाईची नाडी काठावरची. तिचे साठ आणि एकसष्ट हिनं अठ्ठावन्न आणि एकोणसाठ करून टाकले होते.

"असं कुठे मोजतात?"

"शेडमध्ये. संत्री."

"आज सकाळी गेली होतीस?"

कार्ड सिस्टरलाही माहीत होतं. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. "साडेपाच ते दहा," मुलगी म्हणाली. "रोजच जाते."

सिस्टरनं आधी डॉक्टरांना बोलावलं, आजीला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मुलीला एका कोपऱ्यात उभं ठेवलं. काम संपल्यावर तिच्याजवळ आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सूज केवळ त्यानंच आली असं नाही, पण हातभार लागला. दोन-चार दिवसांत उतरेल ती. मी हे लिहून वर पाठवू शकते. पण मला वाटतं, तूच जावंस. शनिवारी प्राचार्यांसमोर खऱ्या तासांचं कार्ड घेऊन उभी राहा. काम देणाऱ्याच्या सहीसकट. नाही गेलीस तर सोमवारी मी लिहीन. आज घरी जा."

निघताना ती अकरा नंबरपाशी थांबली. काय झालं ते तिनं आजीला सांगितलं, जसंच्या तसं. आजीनं नळी नाकावर सरळ केली.

"माप चुकलं की कापड वाया जातं, पोरी," ती म्हणाली. "मी काय कापड आहे का?"

मुलीनं माफी मागायला तिचा हात धरला, तर आजीनं तो ओढून घेतला. "तुझ्याकडून नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मुलीला रडू आलं नाही. शरम एवढी मोठी होती की रडायला तीत जागाच नव्हती.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई बादलीत पाय सोडून बसली होती. इतक्या लवकर लेक दारात दिसल्यावर तिनं पाय तसेच ओले बाहेर काढले.

"काय झालं? बरं नाही का?"

"कळलं तिकडे. शेडचं."

"कुणी सांगितलं? पट्ट्यावरची कोण मेली..."

"मीच सांगितलं."

मग आईचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. दीड वर्ष कशासाठी खपलो, सिस्टरला कोण सांगत होतं, तोंड मिटून बसायला काय झालं होतं, आता शेडही गेली आणि शाळाही गेली. बाप म्हणाला, "अगं, तिचं ऐकून तरी घे." आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." त्यानं लाकडी पट्टी पुन्हा प्लास्टरमध्ये घातली.

"आई, मी नाडी मोजत होते," मुलगी म्हणाली. "वीस झाले की एक सोडत होते."

आई बोलता बोलता थांबली. सिस्टरला जे कळायला दोन मिनिटं आणि दोन मनगटं लागली, ते हिला तेवढ्यावर कळलं. तिनं आपल्या डाव्या बाजूला, जमिनीकडे पाहिलं.

"माणसाची?" तिनं विचारलं.

"हो. तिची दोन दिवस गोळी चुकली. पाय सुजलेत तिचे. श्वास लागलाय."

"वाचेल ना?"

"वाचेल. पण माझ्या हाताला हात लावू देत नाही ती."

आई पुन्हा खाली बसली. पदरानं पाय पुसू लागली. कोरडे झाले तरी पुसतच राहिली. "मोजायला मीच शिकवलं तुला," ती म्हणाली. "पाच वर्षांची होतीस. चुकलीस की चापट मारायचे." मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींच्या हातांना संत्र्याचाच वास येत होता.

"मी शनिवारी खरं कार्ड देणार आहे," मुलगी म्हणाली. "नाव कमी केलं तर करू दे. पण असं दोन्हीकडे उभं राहून मला नाही जमणार. मला वाटलं होतं जमतंय."

बापानं लाकडी पट्टी बाजूला ठेवली. "मग मुकादमाची सही कशी मिळवायची ते बघा," तो म्हणाला.

मुकादम सही देईना. शुक्रवारी सकाळी मुलगी पट्ट्यावर गेली नाही, थेट त्याच्या टेबलासमोर कोरं कार्ड घेऊन उभी राहिली. खरे तास लिहायचेत हे ऐकताच त्यानं ते विंचू झटकावा तसं तिच्याकडे सरकवलं.

"मागच्या आठवड्याला मीच बारा लिहिले, आता मीच साडेचौतीस लिहू? मी खोटारडा आहे असं माझ्याच सहीनं?"

"खरं तेवढंच लिहा."

"खरं लिहायला मी काय देवळात बसलोय? बाजूला हो. जोडी नसेल तर आईलाही घेऊन जा. जागेला तीन जोड्या टपून बसल्यात."

ती बाजूला झाली नाही. पट्टा सुरू झाला. पेट्या उचलणारे तिच्याभोवतून वळसा घालून जाऊ लागले. एकानं मुद्दाम पेटी तिच्या पायाजवळ आदळली. पट्ट्यावरच्या बायका माना वळवून बघत होत्या. "डॉक्टरीणबाई उपोषणाला बसल्या," कुणीतरी म्हणालं आणि हसू पसरलं. मुलीचे कान तापले. पट्ट्याच्या तोंडाशी आई एकटीच उभी होती. निवडलेली फळं तिच्यासमोर साचत चालली होती, मोजायला कोणी नव्हतं. मुकादम ओरडला, "माल अडलाय तिथे!"

आईनं हातातलं फळ पट्ट्यावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि शेडभर चालत टेबलाशी आली. सतरा वर्षांत चालू पट्टा सोडून ती कधी आली नव्हती. मुकादमही उठून उभा राहिला.

"हिला मी आणत होते," आई म्हणाली. "मावशीचं नाव मी सांगितलं. तुम्ही माझ्या शब्दावर लिहिलंत. असं लिहा. मी खाली सही करते, मग तर तुम्ही खोटे नाही ना?"

"अहो बाई, जागा जाईल तुमची."

"तुम्ही काढाल तर जाईल. लिहा."

मुकादमानं कार्ड ओढलं. बराच वेळ लावून, ओठ हलवत लिहिलं. पहिला आठवडा साडेचौतीस. दुसरा आठवडा, गुरुवारपर्यंत, अठरा. खाली सही केली. त्याच्या खाली आईनं आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, जोर देऊन. कार्डाच्या मागच्या बाजूला उमटलं. मग ती मुलीला म्हणाली, "पळ, बस चुकेल," आणि पट्ट्याच्या तोंडाशी दुसरी जोडी येऊन उभी राहिलेली तिनं बघितली. आपला डोक्याला बांधायचा रुमाल तिथल्या खिळ्यावरून काढून घेतला.

प्राचार्या बाईंनी शनिवारी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं.

"घरच्यांनी भरीला घातलं का?"

"नाही मॅडम. मीच उभी राहते म्हणाले होते."

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग?"

"घरी गरज होती. बारा तासांत भागत नव्हतं." आणि मग, इतका वेळ दाबून ठेवलेलं, तिच्या तोंडून निघून गेलं. "बारा तास फार कमी आहेत मॅडम. ज्यांच्या घरी अडतं त्यांनी काय करायचं?"

सिस्टर कोपऱ्यात उभी होती. तिनं मान खाली घातली. प्राचार्या बाईंनी चष्मा काढला.

"तुमच्या घरी किती लागतं ते बघून नाही ठरवले ते बारा तास. अकरा नंबरच्या बाईला किती झोपलेली नर्स चालेल, ते बघून ठरवलेत. घरचं मला कळत नाही असं समजू नकोस. पण तुझं घर तिच्या अंगावर नाही चालवता येणार."

मुलगी कार्डाच्या मागे उमटलेल्या आईच्या अक्षरांकडे बघत राहिली. 

निकाल तिथेच झाला. आठ आठवडे वॉर्डबंदी. चालू सत्र पुन्हा करायचं, म्हणजे बरोबरच्या मुली पुढे जाणार आणि ही सहा महिने मागे राहणार. कार्डावर पुन्हा एक खोटा तास आढळला तर नाव कायमचं कमी. "आपण होऊन आलीस, म्हणून एवढ्यावर," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या कामाची मुभा काढून घेत नाही. बारा तास आहेत, बारा राहतील. जा."

सहा महिने. बसमध्ये ती त्या दिवशी झोपली नाही. बरोबरच्या मुली शेवटची परीक्षा देऊन टोप्या उडवत बाहेर पडतील आणि आपण वर्गात बसलेले असू, हे चित्र तिला सारखं दिसत होतं. पण नाव राहिलं होतं. नाव राहिलं, हेच ती मनात घोकत राहिली.

सोमवारी पहाटे पाचला आईनं बापाला उठवलं.

"चला. बूट घाला. एका पायात तर येईल."

"मी? पट्ट्यावर? मला उभं राहता येतं का?"

"बसून करायचं काम आहे. मुकादमाला विचारून आले मी."

शेडच्या मागच्या अंगाला नासक्या फळांचा बाक होता. तिथे फुटकी, बुरशी धरलेली फळं येत. एकानं फळ उचलून सडका भाग कापायचा, दुसऱ्यानं चांगला भाग रसवाल्याच्या पिंपात टाकायचा. इथेही जोडी लागायची, पण तिथे बसायला कुणी तयार नसायचं. रस कोपरापर्यंत ओघळतो, गांधीलमाश्या घोंघावतात, आणि घरी गेल्यावर अंगाचा आंबूस वास जात नाही. शेडच्या पहिल्या नंबरची बाई त्या बाकावर जाऊन बसली आणि शेजारी रिकाम्या पेटीवर प्लास्टरचा पाय ताणून तिचा नवरा.

फळं तोडणारे गडी मुद्दाम मागच्या बाजूनं जायला लागले. "काय वहिनी, नवी जोडीदारीण कशी आहे? मिशा आहेत वाटतं तिला!" पहिल्या दिवशी बापानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हो, आणि स्वैपाकही येतो." तिसऱ्या दिवसापासून त्यांना तिकडून जाण्यात मजा वाटेनाशी झाली. आईच्या बोटांत मात्र सुरी बसेना. तिचे हात फेकायला शिकलेले, कापायला नव्हे. संध्याकाळी ती बोटांना चिंध्या गुंडाळून बसायची. मुलगी वर्गातून आली की त्या सोडून नीट पट्ट्या बांधायची. आई बांधू द्यायची.

मुलगी शनिवारी दुपारी एक ते सहा आणि रविवारी सकाळी सहापासून शेडवर येऊ लागली. मुकादम तिला ज्या जोडीत खाडा असेल तिथे उभी करायचा. कार्ड ती टेबलावर त्याच्यासमोर ठेवायची, सगळ्यांना दिसेल असं.

तिसऱ्या रविवारी तीन गाड्या एकदम आल्या. चौथी वाटेत होती. पहिल्या नंबरच्या जागेवरची मोजणारी बाई सकाळीच चक्कर येऊन घरी गेली होती, आणि तिथे मुलगी उभी होती. माल नुसता धो धो येत होता. तिचे हात चालत होते, पाठ भरून आली होती, गाडीवाले भोंगे वाजवत होते. एक वाजायला आला तेव्हा तिनं घड्याळाकडे पाहिलं. मुकादमानं ते पाहिलं आणि तो धावत आला.

"आज नको गं बाई. आज संध्याकाळपर्यंत थांब. चौथी गाडी परत गेली तर मालक मला उभा सोलील." मग मागच्या बाकाकडे वळून त्यानं मोठ्यानं आवाज दिला, "ओ बाई! इकडे या! आज पोरगी थांबली ना, तर उद्यापासून ही जागा पुन्हा तुमची. मावशी येईपर्यंत तुमचे यजमानच मोजू देत, स्टुलावर बसून. मी बघून घेतो. कार्डावर बाराच लिहितो. पाच तासांचा तर प्रश्न आहे."

आई उठून आली. कोपरापर्यंत रस, बोटांना पट्ट्या, गालाला गांधीलमाशी चावून आलेली गाठ. पट्ट्याच्या तोंडाशी येऊन ती आपल्या जुन्या जागेवर उभी राहिली. खाली फरशीला सतरा वर्षं तिच्या टाचांनी पाडलेला गुळगुळीतपणा होता. तिनं पट्ट्याकडे पाहिलं. मोठी, नितळ, डाग नसलेली फळं एकामागून एक येत होती. बायकांचे हात चालू होते, पण गप्पा थांबल्या होत्या. बाप मागच्या बाकावरून मान लांब करून बघत होता.

मुलीच्या हातात फळ होतं. ते पेटीत टाकायचं की खाली ठेवायचं, तिला कळेना. आईसाठी ती त्या क्षणी पाच तास काय, पाच दिवस उभी राहिली असती, आणि आईच्या तोंडावरून तिला काहीच वाचता येत नव्हतं.

"आई, तू म्हणशील तसं," ती हळूच म्हणाली.

आईनं तिच्या हातातलं फळ काढून घेतलं.

"एक वाजला," ती मुकादमाला म्हणाली. "भरले तिचे बारा. सही करा."

"बाई, जागा..."

"जागा मला माहीत आहे कुठे आहे माझी. सही करा आधी. घरी जाऊन अभ्यास करायचाय तिला, उद्या पेपर आहे तिचा."

मुकादमानं पेन्सिल काढली. आईनं नकाराची मान हलवली, तेव्हा पेन्सिल ठेवून त्यानं पेन काढलं. बारा लिहिले, सही केली. मुलगी नळावर जाऊन हात धुवायला लागली. मागे भोंगा वाजत होता, मुकादम कुणाला तरी शिव्या घालत होता. तिनं वळून पाहिलं तेव्हा आई बाकावर जाऊन बसली होती आणि बाप तिच्यासाठी सुरीला धार लावत होता.